वडील सडपातळ, आयुष्यभर कष्ट केलेले. तरी शुगर कशी, आणि आता आणखी काय बंद करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील बहात्तर वर्षांचे, गावात राहतात, सगळी हयात शेतात गेली, वजन पन्नास किलोच्या आसपास. पायाची जखम भरेना म्हणून तपासणी केली तेव्हा शुगर आणि बीपी दोन्ही निघालं. गोळ्या सुरू झाल्या. घरच्यांनी गोड बंद केलं, जेवण निम्म्यावर आणलं, शेतात जाणं थांबवलं. शुगर उतरली, पण वडील खंगले. उठताना आधार लागतो, आणि अधूनमधून सकाळी गोंधळल्यासारखे वागतात. गावातल्या आणखी काही म्हाताऱ्या माणसांचं असंच झालंय. तर कष्टकरी, बारीक माणसाला हा आजार झालाच कसा, आणि आता आणखी काय बंद करायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळ काढून चालणार नाही. आणखी काहीही बंद करू नका. जे बंद केलंय त्यातलंच बरंचसं पुन्हा सुरू करायचं आहे. पण त्याही आधी एक काम करा. वडील सकाळी गोंधळलेले वाटले की तिथल्या तिथे ग्लुकोमीटरवर शुगर बघा. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली की काहीतरी खायला द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गिळता येणार नाही इतकी गुंगी असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. मीटर हाताशी नसेल आणि घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसत असेल तर न मोजताच साखर द्या. एखाद्या वेळी थोडी साखर जास्त गेली तर निभावतं. मेंदूला साखर कमी पडली तर निभावत नाही.

हे इतकं जोर देऊन सांगतोय, कारण म्हाताऱ्या माणसाची शुगर उतरलेली ओळखूच येत नाही. तरुणाला छातीत धडधडतं, हात कापतात, भूक लागते. वयस्कर माणूस नुसता गप्प होतो, चिडतो, तोल जाऊन पडतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. ‘आजी विसरायला लागल्यात’ म्हणून एका बाईंना माझ्याकडे आणलं होतं. बोलण्यापेक्षा त्यांची औषधांची पिशवी मी टेबलावर रिकामी केली. तीत दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, आणि दोन्हींत औषध एकच: ग्लिबेनक्लामाइड. दाढ दुखत असल्यामुळे रात्री त्या कपभर दूध पिऊन झोपायच्या आणि गोळ्या मात्र न चुकता घ्यायच्या. औषध बदललं, दाढेवर उपचार झाले आणि सकाळचा विसरभोळेपणा गेला. डिमेंशिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नव्हताच.

ग्लिबेनक्लामाइड आणि त्याच्या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग माणूस जेवलेला असो वा नसो. ग्लिबेनक्लामाइडचा अंमल लांबतो आणि त्याचे अवशेष मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड मंद असेल तर औषध अंगात साचत जातं. म्हणून वृद्धांना ते देऊ नये, असं औषधशास्त्रात बरीच वर्षं सांगितलं जातंय. याच वर्गातल्या ग्लिमेपिराइडबाबतही जपून राहावं लागतं. तुमच्या वडिलांचं जेवण निम्म्यावर आलं तेव्हा गोळीही कमी झाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा पहिला संशय तिथेच आहे. मात्र गोळ्या मनानं बंद करू नका. सगळ्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘जेवण इतकं कमी झालंय, सकाळी असं असं होतं’ हे स्पष्ट सांगा.

जाल तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या आणि त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय याचा अंदाज, काढायला सांगा. यात एक खाचखळगा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. ज्याच्या अंगावर स्नायूच उरले नाहीत, त्याचं क्रिएटिनिन मूत्रपिंड दुबळं असूनही कागदावर ‘नॉर्मल’ दिसतं. पन्नास किलोच्या म्हाताऱ्या माणसाच्या रिपोर्टवर १.१ आकडा बघून निर्धास्त होता येत नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर ईजीएफआर ३० च्या खाली गेल्यावर ते थांबवावं लागतं, आणि ३० ते ४५ च्या दरम्यान डोस कमी करावा लागतो. तीच गोळी अनेक वर्षं घेतली तर व्हिटॅमिन बी १२ कमी होऊ शकतं. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि सगळं खापर शुगरवर फुटतं.

आता ‘झालाच कसा’ याबद्दल. पोट सुटलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसाचा आजार हे मधुमेहाचं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. डॉक्टरांच्याही. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये शुगर, बीपी आणि रक्तातली चरबी यांची एकत्र मोट बांधून त्यामागे इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी आहेत असं मांडलं. त्यालाच पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणू लागले. २००९ मध्ये ठरलेल्या व्याख्येप्रमाणे पाचपैकी तीन गोष्टी असल्या की तो आहे असं धरतात: कमरेचा वाढलेला घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त. घेराची मर्यादा वंशाप्रमाणे बदलते. दक्षिण आशियाई पुरुषाला ९० सेंटिमीटर, स्त्रीला ८०. यात वजन कुठेच नाही हे लक्षात घ्या. काटक्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेलं छोटंसं पोट, असा म्हातारा माणूस वजनकाट्यावर सडपातळच ठरतो, पण यकृतात आणि आतड्यांभोवती त्याची चरबी साठलेली असते.

आणि वृद्धांच्या बाबतीत माझं ठाम मत आहे की पोटाच्या घेराइतकंच, किंबहुना जास्तच, मांडीकडे बघायला हवं. इन्सुलिनच्या हुकमानं रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू घेतात. स्नायू हे साखरेचं कोठार आहे. ते लहान झालं की तेवढंच जेवण रक्तात जास्त वेळ घुटमळतं. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतातच. त्यात कमी प्रथिनं, दातांची दैना, लांबलेलं आजारपण आणि बंद पडलेलं काम यांची भर पडली की झीज झपाट्यानं होते. बाहेरून माणूस ‘बारीकच होता, बारीकच आहे’ असा दिसतो. आत मात्र स्नायूची जागा चरबीनं घेतलेली असते.

आयुष्यभराच्या कष्टानं हे का टळलं नाही? कष्टाचा फायदा नक्की होतो, पण तो बँकेत ठेवता येत नाही, काम थांबलं की काही दिवसांत ओसरू लागतो. शिवाय काही गोष्टी माणूस जन्माला येण्याआधीच घडलेल्या असतात. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात भीषण उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर पेलणं जड जात असल्याचं दिसलं. टंचाईत वाढलेल्या शरीराला पुढे भरपूर पिष्टमय अन्न आणि कमी हालचाल मिळाली की ते लवकर कोलमडतं. आणि गावही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. यंत्रं आली, दारात वाहन आलं, पाकीटबंद खाणं आणि गोड पेयं पोचली. जगभरातल्या सुमारे २०० देशांच्या मोजमापांवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८५ ते २०१७ या काळात जगाचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) जितका वाढला, त्यातली ५५ टक्क्यांहून अधिक वाढ खेड्यांतली होती. हा शहरांचा आजार आहे हे म्हणणं आकड्यांना धरून राहिलेलं नाही.

म्हणूनच ‘शेतात जाणं थांबवलं’ हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. काळजीपोटी केलं, हे कळतं. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस बिछान्यातच ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. दहा दिवसांत! तुमचे वडील बिछान्यात नाहीत, पण कित्येक महिने ओसरीवर बसून आहेत आणि अर्धपोटी आहेत.

घरीच दोन गोष्टी मोजा. साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, वडिलांना हाताची घडी छातीवर घालायला सांगा आणि सलग पाच वेळा उठून बसायला लावा. जवळ उभे राहा, पडू देऊ नका. आशियाई वृद्धांसाठी २०१९ मध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी आहे. दुसरं, शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. पुरुषात ३४ आणि स्त्रीत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू झिजल्याचा संशय घ्यायचा. गावात आरोग्यसेविका असेल तर तिला हे दाखवा. शुगर मोजण्याइतकंच हे मोजणं उपयोगाचं आहे, आणि त्याला रक्त काढावं लागत नाही.

जेवणाबद्दल. ‘कमी खा’ हा सल्ला जाड माणसासाठी आहे. २००२ मध्ये निकाल आलेल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात आहार आणि व्यायामानं मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. पण ती सगळी वजन जास्त असलेली माणसं होती, आणि त्यांना मधुमेह अजून झालेला नव्हता. तोच सल्ला उचलून पन्नास किलोच्या माणसाला लावला की त्याचं हसं होत नाही, हाल होतात. वडिलांच्या ताटातलं एकूण अन्न पूर्वीइतकं करा आणि फक्त त्याची वाटणी बदला. धान्याचा ढीग थोडा कमी, डाळी, कडधान्यं, दूध, दही, आणि चालत असेल तर अंडी, मासे यांचा वाटा जास्त. निरोगी वृद्धाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे वडिलांना ५० ते ६० ग्रॅम. ती एकाच जेवणात न देता दिवसभरात विभागून द्या. मूत्रपिंडाचा आजार बराच पुढे गेला असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. साखर घातलेली पेयं आणि बिस्किटं बंद ठेवा, त्यात काही गमावण्यासारखं नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात टिकाऊ, खारवलेल्या पदार्थांतलं मीठही धरायचं. दात तपासून घ्या. चावता येत नाही म्हणून मऊ, पातळ, पिष्टमय तेवढंच खाणारी माणसं मी फार पाहिली आहेत, आणि त्यांच्या शुगरचं मूळ तोंडातच असतं.

व्यायामासाठी वेगळं काही विकत आणायला नको. खुर्चीवरून उठबस, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन, दिवसातून दोनदा, जमेल तितकी. दोन-तीन आठवड्यांनी आधार कमी करा. आणि प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. साठीच्या पुढच्या माणसांवर २०१३ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात जेवणानंतरच्या अशा तीन फेऱ्या दिवसभराच्या शुगरवर सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्याइतक्याच गुणकारी ठरल्या, आणि रात्रीच्या जेवणानंतरची शुगर त्यांनी जास्त चांगली आवरली. जखम भरली की शेतात जाऊ द्या. झेपेल तेवढं काम, उन्हं चढायच्या आत, पायात बंद बूट, खिशात साखरेची पुडी.

निदानाबद्दल थोडं, कारण गावातल्या इतरांचंही तुम्ही विचारलंय. वाढत्या वयात तहान बोथट होते, आणि लघवीत साखर उतरण्याची पातळीही वर सरकते. त्यामुळे ‘सारखी लघवी, सारखी तहान’ ही पुस्तकी लक्षणं वृद्धांत बऱ्याचदा नसतातच, आणि लघवीची पट्टी कोरी आली म्हणून मधुमेह नाही असं म्हणता येत नाही. न भरणारी जखम, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग, अंधुक दिसणं, पडणं, थकवा, एवढंच दिसतं. निदान रक्तावरूनच करायचं: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, आणि ठळक लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा खात्री करून. एचबीए१सी वाचताना हिमोग्लोबिन बघायलाच हवं. लोहाच्या कमतरतेमुळे आलेल्या रक्तक्षयात हा आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटाच कमी. रक्तक्षय असेल तर बोटाला टोचून मोजलेल्या शुगरच्या आठवडाभराच्या नोंदींवर जास्त विश्वास ठेवावा.

आणि वजन उतरत असेल तर ते शुगरच्या नावावर खपवू नका. मधुमेहात क्षयरोगाचा धोका दोन-तीन पट असतो. खोकला, संध्याकाळचा ताप असेल तर थुंकी तपासा. पन्नाशीनंतर अचानक शुगर निघाली आणि सोबत वजन झपाट्यानं घटतंय, भूक मेलीय, पोट किंवा पाठ दुखतेय, तर स्वादुपिंडाचा कर्करोग नाही ना हे बघावं लागतं. तो क्वचित असतो, पण उशिरा सापडला तर हाती काही राहत नाही. तुमच्या वडिलांचं खंगणं निम्म्या जेवणामुळे असावं असं मला वाटतं. तरी जेवण वाढवून महिन्याभरात वजन सावरलं नाही तर ही तपासणी कराच.

बीपी बसून मोजा आणि नंतर उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडत असेल तर उठताना आधार लागण्याचं कारण तेही असू शकतं, आणि तेव्हा बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या कमी-जास्त कराव्या लागतात. गुडघेदुखीवर वडील काय घेतात हेही विचारा. खेड्यातली म्हातारी माणसं दुखण्याच्या गोळ्या मोजून घेत नाहीत. त्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला मारक ठरतात. ज्या बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे होतात, तीत स्टेरॉइड असण्याची शक्यता दाट असते, आणि स्टेरॉइड शुगर भराभर चढवतं, स्नायू झिजवतं. अशी पुडी बऱ्याच दिवसांची असेल तर एकदम बंद करू नका, त्यानंही माणूस कोसळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची.

शुगर किती खाली आणायची? सशक्त, स्वतःचं सगळं करणाऱ्या वृद्धासाठी एचबीए१सी ७ ते ७.५ च्या आत, आणि दोन-तीन आजार असलेल्या, अशक्त झालेल्यासाठी ८ च्या आत, हे सर्वसाधारणपणे मान्य झालेलं आहे. तुमच्या वडिलांचा आकडा ६.२ आला आणि त्यांना सकाळी भान राहत नसेल तर त्या आकड्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. भूक मारणारी इंजेक्शनं आणि लघवीवाटे साखर टाकणाऱ्या गोळ्या आता सगळीकडे पोचल्यात. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या काही आजारांत या गोळ्या खरोखर गुणकारी आहेत, पण आधीच खंगलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला दोन्ही फार विचार करूनच द्यावं लागतं.

पायाचं मात्र रोज बघा. रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, उजेडात. तळवा वडिलांना स्वतःला दिसत नाही, घरातल्या दुसऱ्यानंच बघायचा. एका शेतकऱ्याच्या टाचेच्या जाड कातड्यात मला बाभळीच्या काट्याएवढा तुकडा मिळाला होता, आजूबाजूला पू झालेला, आणि तो माणूस बूट घालून चालत आत आला होता. टोचल्याचं त्याला कळलंच नव्हतं. बेचकीतली पांढरी, ओली कातडी, टाचेची भेग, लाल झालेला ठिपका, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवा. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत आणि भोवरी ब्लेडनं कापायची नाही.

दवाखाना लांब असेल तर गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणण्याची सवय ठेवा. इन्सुलिन लागलंच तर वापरातली बाटली सावलीत, थंड जागी साधारण महिनाभर टिकते. फ्रिज नसेल आणि उन्हाळा कडक असेल तर ओल्या मातीच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. उलट्या, जुलाब, ताप, उपास, असं काही असेल तेव्हा नेहमीची गोळी नेहमीसारखी घ्यायची का हे आधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, कारण त्या रात्री विचारायला कुणी मिळत नाही. आणि तापात माणूस सुस्त पडला, जीभ कोरडी, बोलण्यात भान नाही, मीटर आकड्याऐवजी नुसतं ‘हाय’ दाखवतंय, तर सकाळची वाट बघू नका.

या आठवड्यात वडिलांना घेऊन जाल तेव्हा सोबत न्या: सगळ्या पट्ट्या, गुडघ्याच्या पुडीसकट, पाच-सहा दिवसांच्या सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या शुगरच्या नोंदी, बसून आणि उभं राहून घेतलेलं बीपी, उठबशीला लागलेले सेकंद, आणि सहा महिन्यांपूर्वीचं व आत्ताचं वजन. डॉक्टरांना विचारा की यातली कुठली गोळी कमी करता येईल. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, बी १२, लघवीतलं प्रथिन आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालेली नसेल तर ती मागून घ्या.